दूरशिक्षणाचे तास: मीट, झूम की बिगब्लूबटन?

मुक्त अभ्यासक्रमाची संपर्कसत्रं ऑनलाइन घ्यायची ठरली की विभागात पहिला प्रश्न येतो, ‘ॲप कोणतं?’ त्याआधी विद्यार्थी कोण आहेत ते पाहावं. बहुतेक जण नोकरी सांभाळून शिकतात, तास मोबाइलवर बघतात आणि रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर भागवतात. १ एमबीपीएस वेगाने चालणारा व्हिडिओ तासाला ४५० एमबी खातो. रविवारी सलग तीन तास ठेवले तर पॅक जवळपास संपलाच. त्यामुळे माझ्या कसोट्या दोनच: डेटा किती जातो, आणि हुकलेला तास नंतर बघता येतो का.

गूगल मीट सुरू करायला सगळ्यांत सोपं. संस्थेचं गूगलचं शैक्षणिक खातं असेल तर मोफत योजनेत १०० जण बसतात आणि वेळेची अडचण येत नाही. गोम आहे ती रेकॉर्डिंगमध्ये. ते या मोफत योजनेत मिळत नाही. स्वतःच्या साध्या जीमेलवरून तास घेणाऱ्यांना तर ६० मिनिटांचीच मुभा.

झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते. रेकॉर्डिंग मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर करता येतं. पुढे ते चढवत बसायचं काम प्राध्यापकाचं. गटचर्चेसाठी वेगळ्या खोल्या करणं झूमवर फार सोयीचं, कार्यशाळेला मी तेच घेईन. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली होती. कंपनीने त्याच महिन्यात पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. तरी खरेदी समितीत हा मुद्दा निघाला तर उत्तर तयार असू द्या.

बिगब्लूबटनचं नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं, पण ते मुळात वर्गासाठीच बनलं आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ साली त्याची सुरुवात झाली. ते मुक्त स्रोत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या प्रणालीच्या ४.० आवृत्तीपासून मूडलमध्येच येतं. मला सर्वांत पटणारी गोष्ट म्हणजे चढवलेली पीडीएफ त्यात व्हिडिओ म्हणून जात नाही, पान पान चित्र म्हणून जाते. मीट-झूमवर स्क्रीन शेअर केली की साधं समीकरणसुद्धा व्हिडिओच होऊन येतं. बिगब्लूबटनमध्ये विद्यार्थी सेटिंगमधून सगळ्यांचे कॅमेरे बंद ठेवून फक्त आवाज आणि पानं घेऊ शकतो. कोण हजर होतं, कोणी हात वर केला, हेही प्राध्यापकाला दिसतं.

मग सगळे हेच का घेत नाहीत? कारण बहुधा सर्व्हर आपला लागतो. किमान १६ जीबी मेमरी, आठ कोअरचा प्रोसेसर, उबुंटू ही लिनक्स प्रणाली, शिवाय वीज गेली तरी चालू राहील अशी सोय. रेकॉर्डिंगही लगेच दिसत नाही, तास संपल्यावर त्यावर प्रक्रिया व्हावी लागते. हे सगळं सांभाळणारा माणूस संगणक केंद्रात नसेल तर या वाटेला जाऊ नका. एका प्राध्यापकाच्या हौसेवर असा सर्व्हर सत्रभर टिकत नाही.

टीम्सचा विचार संस्थेची मेल आधीच मायक्रोसॉफ्टवर असेल तरच करा.

थोडक्यात, संस्थेत मूडल आणि शिवाय लिनक्स जाणणारा माणूस, असे दोन्ही असतील तर बिगब्लूबटन. नसतील तर मीटच्या पैसे भरायच्या योजनेचा भाव मागवा. आणि चाचणी कॅम्पसच्या वायफायवर घेऊ नका. लांबच्या अभ्यासकेंद्रातल्या दोन विद्यार्थ्यांना मोबाइल डेटावरून जोडा, तासानंतर किती एमबी गेले ते विचारा.