लिंकनची वाट की वॉशिंग्टनची? अमेरिकन घराण्याचं इंग्रज मूळ शोधण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी घरांत अमेरिकन सून किंवा जावई असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडं मोठी झाली की पूर्वजांची चौकशी सुरू होते. आपल्या बाजूला कुलवृत्तांत असतो, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या असतात. दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा ‘आमचे कोणीतरी फार पूर्वी इंग्लंडहून आले’ एवढंच असतं. मग ‘कुठल्या वेबसाइटचे पैसे भरू?’ हा प्रश्न येतो. माझ्या मते त्याआधी बघायचं ते हे, की तो पूर्वज न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींत) उतरला की दक्षिणेकडच्या व्हर्जिनियात.

न्यू इंग्लंडवाल्यांचं नशीब चांगलं. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेले १०२ प्रवासी सगळ्यांना माहीत असतात, पण खरा लोंढा त्यानंतरचा. १६४० पर्यंत सुमारे २०,००० माणसं तिकडे गेली. ती बहुतांशी बायकामुलांसह गेली, कधी शेजारीपाजारी आणि गावचा पाद्री यांच्यासकट. मॅसॅच्युसेट्सने १६३९ मध्येच जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद ठेवायचा हुकूम काढला. शिवाय गावाने वाटलेल्या जमिनी आणि चर्चमध्ये घेतलेले सभासद यांच्याही नोंदी आहेत. बोस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ पासून याच कामात आहे. १९८८ पासून रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी तिथे सुरुवातीच्या स्थलांतरितांची एकेक करून छाननी केली. कोणाचं इंग्लंडमधलं गाव सिद्ध झालंय आणि कोणाचं नुसतंच सांगितलं जातं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमची शाखा या यादीला भिडली, तर निम्मं काम आयतंच झालं.

व्हर्जिनियाचं तसं नाही. जेम्सटाऊन १६०७ चं, म्हणजे वसाहत जुनी. पण तंबाखूच्या शेतांवर आलेले बरेचसे लोक तरुण, एकटे आणि करारावर राबणारे होते. १६१८ पासून माणूस आणला की त्याच्यामागे ५० एकर जमीन मिळायची, म्हणून जमिनीच्या सनदांमध्ये आणलेल्यांची नावं सापडतात. नुसती नावं. वय नाही, गाव नाही. हे हक्क विकले जात, उशिरा वापरले जात, त्यामुळे सनदेचं साल म्हणजे येण्याचं साल असं धरता येत नाही. त्यात अमेरिकन यादवी युद्धात काही काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली आणि १८६५ च्या आगीत ती तिथेच जळाली. त्यातल्या त्यात आधार म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरातली १६५४ पासूनची करारी नोकरांची नोंदवही. तिच्यात १०,००० हून जास्त नावं आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांत गावही दिलेलं आहे.

या दोन वाटांची उदाहरणं दोन राष्ट्राध्यक्षांच्या घरातच आहेत. लिंकन यांचा पूर्वज सॅम्युअल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या हिंगहॅमहून आला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅममध्ये राहिला. गावाच्या नावातच पत्ता! तरीही खुद्द अब्राहम लिंकनना हा दुवा माहीत नव्हता. १८५९ च्या छोट्या आत्मवृत्तात त्यांनी म्हटलंय, की न्यू इंग्लंडच्या लिंकन घराण्याशी नातं जोडू पाहिलं तर मॉर्डेकाय, लेव्ही अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागलं नाही. साखळी समुद्रावर तुटली नव्हती. मधल्या पिढ्या पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी अशा सरकत गेल्या, तिथे ती हरवली होती. बहुतेक घरांचं असंच होतं, म्हणून मी इंग्लंडच्या नोंदींवर आधी एक डॉलरही खर्च करू नका असं सांगेन. आधी १७५० ते १८५० हा तुकडा पक्का करा.

वॉशिंग्टन घराण्याचा पूर्वज जॉन १६५० च्या दशकात व्हर्जिनियात आला. त्याला इंग्लंडमधल्या सल्ग्रेव्ह गावच्या घराण्यातल्या एका भलत्याच जॉनशी जोडणारी वंशावळ बराच काळ खरी मानली गेली. ती खोटी ठरल्यावरही खरा बाप सापडायला वेळ लागला. शेवटी वंशावळ-संशोधक हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये तो दुवा मांडला तो इंग्लंडमधली मृत्युपत्रं आणि वारसा-कागद चाळून. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव मिळतं. मृत्युपत्रात ‘समुद्रापलीकडे असलेला माझा मुलगा’ मिळू शकतो. इंग्लंडमधली चर्चची रजिस्टरं १५३८ पासूनची आहेत खरी, पण सुरुवातीची पुष्कळ हरवली आणि १६४० च्या दशकातल्या तिथल्या यादवीत मोठी भोकं पडली. म्हणून व्हर्जिनियावाल्यांनी कँटरबरीच्या धर्मपीठ-न्यायालयातली, आता लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असलेली मृत्युपत्रं आधी पाहावीत.

डीएनए चाचणीबद्दल फार उत्साह असतो. बाटलीत थुंकून ‘इंग्लंड इतके टक्के’ असा जो नकाशा येतो, त्याने गाव कळत नाही. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज होतात आणि त्यातल्या अनेकांचा डीएनए तुमच्यात उरलेलाच नसतो. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय-डीएनए मात्र कामाचा. एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचा मूळपुरुष एक की वेगळा, हे तो सांगू शकतो. न्यू इंग्लंडसाठी तो ऐच्छिक. व्हर्जिनियासाठी मी कागदाबरोबरच तो करून घेईन. अर्थात आडनाव चालवणारा पुरुष तयार असेल तर.

वेबसाइटचं थोडक्यात. फॅमिलीसर्च फुकट आहे, मूळ नोंदींची छायाचित्रं भरपूर आहेत; पण तिथलं सामायिक झाड (वंशवृक्ष) कोणीही बदलू शकतं. अँसेस्ट्रीला पैसे पडतात, अमेरिकन बाजूला शोध सोपा जातो. इतरांनी चढवलेली झाडं मात्र एकमेकांची नक्कल असतात. विकीट्रीवर १७०० च्या आधीच्या माणसांना हात लावायला आधी परवानगी लागते, म्हणून तिथला कचरा मला कमी वाटतो. छापलेल्या जुन्या वंशावळीतही सावध राहावं: गुस्ताव्ह अँजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंत अमेरिकनांना खोटी इंग्रज कुळं बनवून विकली, आणि ती अजून झाडांवर लटकलेली दिसतात.

इंग्लंडमधला संशोधक नेमायचाच असेल, तर त्याला देण्याआधी पूर्वजाच्या बायकोचं नाव, शेजाऱ्यांची नावं आणि अमेरिकेतली पहिली खात्रीची तारीख काढून ठेवा. तारीख जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर दोन्ही सालं लिहा, १६३१/३२ असं; १७५२ पर्यंत तिकडे नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. आणि एखाद्या गावात बरोबर नावाचं, बरोबर सालाचं मूल मिळालंच, तर त्याच रजिस्टरमध्ये पुढची चाळीस वर्षं वाचायला सांगा. ते मूल तिथेच लग्न करून तिथेच पुरलं गेलं असेल, तर तो तुमचा माणूस नव्हे.