फ्रीबीएसडीसोबत येणारी कर्नल मॉड्यूलची उदाहरणे: भुसावळच्या शिकवणीतील अनुभव

भुसावळला माझ्याकडे अभियांत्रिकीची जी मुले शिकायला येतात, त्यांपैकी बरीचशी यावल-रावेर भागातून ये-जा करतात आणि त्यांची सी भाषा परीक्षेपुरती झालेली असते. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, काय असतो हे फळ्यावर चौकोन काढून सांगितले, तर ती वहीत उतरवून घेतात. पण आपण लिहिलेल्या चार ओळी चालत्या कर्नलमध्ये शिरल्या आणि सुखरूप बाहेरही आल्या, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना ते पटत नाही. म्हणून गेली दोन वर्षे मी फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातील मुक्त कार्यप्रणालीसोबत मिळणारी कर्नल मॉड्यूलची, म्हणजे चालत्या कर्नलला जोडता-काढता येणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, उदाहरणे वापरतो आहे.

ही उदाहरणे /यूएसआर/शेअर/एक्झाम्पल्स/केएलडी या फोल्डरमध्ये असतात. प्रणाली बसवताना ती तिच्याबरोबरच येतात, वेगळे काही उतरवावे लागत नाही. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की इंटरनेटही जाते अशा गावात शिकवणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे, हे सांगायला नको.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण सिस्टिम कॉलचे, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याच्या मार्गाचे, आहे. त्याची मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) म्हणजे मॉड्यूलचे नाव, सोर्स फाइलचे नाव आणि बीएसडी-डॉट-केमॉड-डॉट-एमके ही सामायिक फाइल जोडणारी एक ओळ, एवढाच ऐवज. ‘मेक’ म्हटले की मॉड्यूल तयार होते, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ‘मेक लोड’ म्हटले की ते कर्नलमध्ये जाते आणि केएलडीस्टॅट ही आज्ञा दिली की चढलेल्या मॉड्यूलच्या यादीत दिसू लागते. कर्नलमध्ये २१० ते २१९ हे क्रमांक अशा मॉड्यूलमधून नंतर येणाऱ्या सिस्टिम कॉलसाठी मोकळे ठेवलेले आहेत, त्यामुळे पहिल्याच वेळी बहुधा २१० हा क्रमांक मिळतो. सोबतचा चाचणी प्रोग्राम तो क्रमांक गृहीत धरत नाही, तर मॉड्यूलच्या नावावरून कर्नललाच विचारून घेतो, आणि ही शिस्त मुलांच्या हाताला सुरुवातीपासून लागते.

येथे एक अडचण दर तुकडीला येते. चाचणी प्रोग्राम चालवला तरी एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकावरून जोडणी करण्याच्या साधनाच्या) खिडकीत काहीच उमटत नाही, कारण कर्नलमधील प्रिंटएफचा संदेश कन्सोलवर (त्या यंत्राच्या मुख्य पडद्यावर) आणि कर्नलच्या संदेश-बफरमध्ये जातो. मागच्या महिन्यात एका मुलीने तोच प्रोग्राम सात वेळा चालवला आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजून ती गप्प बसली होती. तिला तो बफर दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा द्यायला सांगितली, तेव्हा शेवटी ‘हॅलो कर्नल’ ही ओळ सात वेळा दिसली. उदाहरणासोबत ही गोष्ट ठळकपणे लिहून द्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

दुसरी उणीव पूर्वतयारीची आहे. उदाहरणे आपोआप येतात, पण ती बांधायला लागणारा कर्नलचा सोर्स येत नाही. प्रणाली बसवताना त्याची वेगळी निवड करावी लागते. ती राहिली, तर सोर्स ट्री सापडत नाही, सिसडिर (सोर्सच्या फोल्डरचा पत्ता) सांगा, एवढे म्हणून मेक थांबते. एकदा घाईत मी पेनड्राइव्हवरचा मागच्या मोठ्या आवृत्तीचा सोर्स एका संगणकावर टाकला. मॉड्यूल बांधले गेले, पण मॉड्यूल चढवणाऱ्या केएलडीलोड या आज्ञेने डीमेसेज पाहा असे सांगून ते नाकारले, आणि तेथे कर्नलची आवृत्ती जुळत नसल्याची ओळ होती. अर्धा तास गेला, पण न जुळणारे मॉड्यूल कर्नल आत घेत नाही ही त्याची खबरदारीच आहे, हे मुलांना त्या निमित्ताने दिसले. सिक्युअरलेव्हल (कर्नलची सुरक्षा-पातळी) शून्याच्या वर असेल तर कोणतेच मॉड्यूल आत घेतले जात नाही, हेही आधीच सांगून ठेवावे.

कॅरेक्टर डिव्हाइसचे (फाइलसारखे वाचता-लिहिता येणाऱ्या उपकरणाचे) उदाहरण मात्र मी जपून देतो. ओपन, क्लोज, रीड, राइट आणि आयओसीटीएल (उपकरणाला नियंत्रणाच्या सूचना देणारे) ही पाचही कार्ये एका छोट्या फाइलमध्ये समोर मांडलेली असल्यामुळे ड्रायव्हरचा (उपकरण हाताळणाऱ्या कोडचा) सांगाडा समजायला त्याच्याइतके सोपे साधन मला दुसरे मिळालेले नाही. परंतु त्यातील राइट हे कार्य वापरकर्त्याचा मजकूर कॉपीइनस्ट्र या कर्नल-फंक्शनने सरळ उचलते, म्हणजे तो शून्य बाइटने संपणारा एकसंध मजकूर आहे असे धरून चालते. खऱ्या ड्रायव्हरमध्ये हे काम यूआयओमूव्ह या फंक्शनने करायचे असते, कारण किती बाइट पुढे सरकले आणि किती उरले याचा हिशेब तेच ठेवते. केएलडी ही मॉड्यूल चढवण्याची यंत्रणा १९९८ साली फ्रीबीएसडी ३.० बरोबर आली, त्यामुळे उदाहरणांवर जुनेपणाची छाया असणे समजण्यासारखे आहे. तरीही नवशिका ज्याला नमुना मानणार आहे, त्या कोडमध्ये योग्य पद्धतच असायला हवी.

ज्याला पॉइंटर नीट समजतो त्याने ही उदाहरणे अवश्य हाताळावीत, फक्त रोजच्या कामाच्या संगणकावर नव्हे तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात), स्नॅपशॉट (परत फिरता येईल अशी त्या क्षणाची प्रत) घेऊन, कारण मॉड्यूलमधील एक चुकीचा पॉइंटर सगळी प्रणाली पाडतो. माझ्याकडे दुसऱ्या आठवड्यात मुलांना एकच काम असते: त्याच फाइलमधील रीड आणि राइट यूआयओमूव्ह वापरून नव्याने लिहायचे, मॉड्यूल पुन्हा चढवायचे आणि बफरपेक्षा लांब मजकूर देऊन पाहायचा.