सेकंडहँड ५० एमएम लेन्स आणि शरदाचं आकाश : पाच महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये जळगावात एका फोटोवाल्याकडून ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते) घेतली, जुनी, साडेपाच हजाराला. तो म्हणे पोर्ट्रेटला झकास आहे. मला ताऱ्यांसाठी हवी होती पण ते त्याला सांगितलं नाही, उगा हसला असता. आता जानेवारी संपत आला, देवयानी-शर्मिष्ठा हे शरदातले तारकासमूह अंधार पडतो तोवर पश्चिमेला कलायला लागलेत, म्हणून म्हटलं अनुभव लिहून टाकू.

आधी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची झूम लेन्स होती. तिच्यात आकाश भरपूर यायचं पण तारे म्हणजे रवा सांडल्यासारखे. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे लहान सेन्सरचा, त्यावर ५० ची फ्रेम साधारण २६ बाय १८ अंशांची होते, आणि भाद्रपदांचा चौकोन (चार ठळक ताऱ्यांचा) एका बाजूला १५ अंशांच्या आसपास, म्हणजे अगदी चपखल बसतो, शर्मिष्ठेचा इंग्रजी एम सारखा आकार पण आरामात. देवयानी अख्खी मावत नाही, दोन फ्रेम जोडाव्या लागतात.

एक आधीच सांगतो, एफ १.८ च्या भरवशावर घेऊ नका. पूर्ण उघडी ठेवली की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पाखरासारखे पंख फुटतात आणि ठळक ताऱ्यांना जांभळी कड येते. एफ २.८ ला आणली की बरीच शहाणी होते. तारे रेघा न होता किती सेकंद शटर उघडं ठेवता येईल त्याचं ५०० वालं गणित लावलं तर ५०० भागिले ७५ (लहान सेन्सरमुळे ५० ची दीडपट), म्हणजे साधारण साडेसहा सेकंद, पण झूम केल्यावर तेवढ्यातही तारे लांबट दिसतात, मी ५ वरच थांबतो. शर्मिष्ठेला मात्र १० चालतात, ती ध्रुवाकडची, तिकडचे तारे हळू सरकतात. आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) १६००, रॉ म्हणजे कच्च्या फाइलमध्ये साठेक फ्रेम, मग फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचून स्टॅक. देवयानीतली दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, एकाच फ्रेममध्येसुद्धा पुसट डागासारखी येते, पहिल्यांदा मी काचेवर बोट लागलं समजून लेन्स पुसली होती.

फोकसनं सगळ्यात जास्त छळलं. ताऱ्यावर ऑटोफोकस लागतच नाही, रिंगवर अनंताची खूण पण नाही, आणि रिंग इतकी ढिली की धक्का लागला की गेलं सगळं. लाइव्ह व्ह्यू १० पट करून एखादा ठळक तारा टाचणीच्या टोकाएवढा करायचा आणि वायरमनच्या काळ्या टेपनं रिंग चिकटवून टाकायची. रात्री गारठा वाढला की परत तपासायचं. अजून एक, आपण २१ अंशांवर, तो चौकोन बरोब्बर डोक्यावरून जातो, आणि ट्रायपॉडवर कॅमेरा सरळ वर केला की स्क्रीन बघायला जमिनीवर लोळावं लागतं.

जागा म्हणजे मित्राचं यावलकडचं शेत, सातपुड्याच्या पायथ्याशी. कोजागिरीला दूध प्यायचं, कॅमेरा घरीच ठेवायचा. दिवाळीची अमावस्या कागदावर भारी, पण फटाक्यांचा धूर, ती रात्र गेलीच.

खरी गंमत नोव्हेंबरच्या शेवटी झाली. शेजारी केळीची बाग, तिला रात्रीच्या लाइनीत पाणी सुरू, आणि आम्ही कॅमेरा लावून कळण्याची भाकरी अन् भरीत खात बसलो, लेन्सवर दव चढलं हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटच्या दहा-बारा फ्रेम धुरकट. मी तिथेच डिलीट मारणार होतो, बरं झालं घरी जाऊन पाहिल्या. स्वच्छ फ्रेममध्ये तारेच इतके की चौकोन कुठाय ते मलाच बोटानं शोधावं लागत होतं, कॅमेरा बारीक तारेसुद्धा टिपतो आणि सगळे एकसारखेच ठिपके दिसतात ना. दवाच्या फ्रेममध्ये बारके विरून गेलेले, आणि ठळक तारे फुगून, आपापल्या रंगासकट, आकृती धरून बसलेले! आपल्या डोळ्याला दिसतं तसंच.

तेव्हापासून दवाची वाट बघत नाही. बहिणीचा नायलॉनचा पायमोजा (विचारून घेतलाय) लेन्सवर ताणून रबरबँड लावतो. अर्ध्या फ्रेम साध्या, अर्ध्या मोजाच्या, नंतर एकत्र. रोहिणी काय नारिंगी येते म्हणता! असा प्रकाश पसरवणारे डिफ्यूजन फिल्टर विकत मिळतात, पण मोजावर भागतंय तोवर भागवतो.

तक्रार आहेच. महिन्याभरात रिंगमध्ये धूळ शिरून करकर वाजायला लागली, दुरुस्तीवाला म्हणाला, दुरुस्तीपेक्षा नवीच घे. नाही घेतली.

मोजावाला चौकोन मित्राच्या काकांना मोबाइलवर दाखवला, ते मोटार बंद करून येत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "हाई तं बाज शे ना भो." (ही तर खाटच आहे.) मग कोपऱ्यातून निघालेल्या देवयानीच्या ओळीवर बोट ठेवलं, "अन् तिनी दावण सुटेल शे." (दावण म्हणजे बाजेच्या पायथ्याची दोरी, ती सुटलीय.)