रीफ टाकीतली एपॉक्सी कांडी: कुठे कामाची, कुठे दगा देणारी

रीफ टाकी म्हणजे पोवळ्यांची (कोरलची) खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यातले खडक नव्याने रचायचे म्हटलं की दुकानदार सगळ्यात आधी एपॉक्सी पुट्टीची, म्हणजे मळल्यावर कडक होणाऱ्या लांबीची, दोन रंगांची कांडी पुढे करतो. सांगलीत रीफचं सामान बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं. म्हणून पार्सल मागवण्याआधीच ही कांडी काय करू शकते आणि काय नाही, ते समजून घेतलेलं बरं.

आमचं मत सरळ आहे. ही पुट्टी भराव म्हणून उत्तम, पण चिकटवायला कच्ची. ओल्या, शेवाळलेल्या खडकाला ती धरतच नाही. कडक होते ती भेगांत आणि खाचांत शिरून, आणि तिथे खुंटीसारखी अडकून बसते. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये लावली तर दुसऱ्या दिवशी बोटाच्या धक्क्यानेही अख्खी चकती सुटून हातात येते. त्यामुळे रचना आधी पुट्टीशिवाय स्वतःच्या तोलावर उभी राहिली पाहिजे. प्रत्येक खडक किमान तीन ठिकाणी टेकला पाहिजे आणि वरून दाबल्यावर डुगडुगता कामा नये. पुट्टी लावायची ती त्यानंतर.

वापरायची पद्धत अशी. सांध्याची जागा जुन्या टूथब्रशने घासून खडबडीत करा. साधारण 110 ग्रॅमच्या कांडीतून एका वेळी 15 ते 20 ग्रॅमच कापा आणि नायट्राइलचे हातमोजे घालून रंग पूर्ण एकजीव होईपर्यंत मळा. एकही रेघ उरली तर तो भाग मऊच राहतो. मळलेला गोळा हाताला किंचित गरम लागला की रासायनिक क्रिया सुरू झाली समजायचं. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हाळ्यात हाताशी जेमतेम काही मिनिटं असतात, म्हणून खडक जागेवर बसवल्यावरच मळायला घ्या. पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात.

एकट्या पुट्टीपेक्षा थर लावले तर पकड कितीतरी वाढते: खडकाला जेल गम, मग पुट्टी, तिच्यावर पुन्हा जेल गम. हा गम फेव्हिक्विकच्या जातीचाच, फक्त न वाहणारा. नळगळतीसाठी घरात पडलेली सील पुट्टी मात्र रीफ टाकीत वापरू नका. ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

पुट्टीचा सगळ्यात मोठा त्रास सांध्यात नाही, स्किमरमध्ये, म्हणजे पाण्यातला मैला फेसातून वेगळा काढणाऱ्या यंत्रात दिसतो. पुट्टीतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे स्किमर वेड्यासारखा फेसाळतो आणि कप भरून वाहतो. एक दिवस तो बंद ठेवा, पण त्याच्याकडून मिळणारी हवा कमी पडू नये म्हणून एअर पंप लावा. 200 लिटरच्या टाकीत एका दिवसात अर्ध्या कांडीपेक्षा जास्त घालू नये, आणि दोन-तीन दिवस पाणी गाळायला ताजा सक्रिय कार्बन चालवावा.

खरा धोका पुट्टीआधीच्या कामात, म्हणजे पाणी उपसून खडक बाहेर काढताना असतो, आणि वेष्टनावर त्याबद्दल अवाक्षर नसतं. हीटर 15 मिनिटं आधी बंद करा. पाणी खाली गेल्यावर त्याची गरम काच उघडी पडली की तडकते. ऑटो टॉप-अप, म्हणजे आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, तेही बंद ठेवाच. खडक बाहेर निघाल्यावर सम्पमधली (टाकीखालच्या जोडटाकीतली) पातळी उतरते, यंत्राला वाटतं पाणी आटलं, आणि तो गोडं पाणी ओतत राहतो. खडक परत ठेवले की सम्प जमिनीवर वाहतो आणि शिवाय पाण्याची क्षारताही घटते.

खडक टाकीच्याच पाण्यात, छोटा पंप आणि हवा लावलेल्या टबमध्ये ठेवा. स्पंज असलेला खडक पाण्याबाहेर काढूच नका. हवा आत अडकली की स्पंज मरतो आणि सडून अमोनिया वाढवतो. झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे मऊ पोवळ्यांसारखे जीव) असलेल्या खडकांना हातमोजे आणि संरक्षक चष्म्याशिवाय हात लावू नका, कारण त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. असे खडक कधीही उकळू नयेत, ती वाफ जिवावर बेतू शकते.

वाळूत काळा थर दिसला किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर तिथेच थांबा. तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू. तेवढा भाग सायफनने बाहेर ओढा, ढवळू नका. खालचे खडक वाळूवर न ठेवता थेट तळावर, पातळ प्लास्टिकच्या जाळीवर टेकवा. नाहीतर वाळू उकरणारे गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी खालून उकरून अख्खा ढिगारा पाडतात. काचेपासून 6-7 सेंटिमीटर जागा सोडा, म्हणजे चुंबकी घासणी फिरेल.

काम संपल्यावर, आदल्या दिवशी आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात सागरी मीठ विरघळवून तयार ठेवलेलं, 1.025 घनतेचं आणि टाकीच्याच तापमानाचं पाणी 15 टक्के बदला. पुढचे तीन दिवस रोज अमोनिया तपासा. कोरलची जागा वर सरकली असेल तर लाइट आठवडाभर पाऊण तीव्रतेवर ठेवा.

भर घालायला मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेलं पोवळं आणू नका. सगळी दगडी पोवळी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहेत. सिरॅमिकचे खडक घ्या. नव्या कोरड्या पृष्ठभागावर पुट्टी धरतेही चांगली.

उरलेली कांडी झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा. वरचा थर कडक झाला असेल तर तो सोलून टाका. आत मऊ भाग मिळालाच नाही, तर ती कांडी वापरू नका.