हातावर गप्प बसणारं पिल्लू विकत घेण्याआधी

विक्रेता पिंजऱ्यात हात घालून बजी या छोट्या पोपटाचं पिल्लू बोटावर घेतो. ते उडत नाही, चावत नाही, पिसं फुलवून डोळे अर्धवट मिटतं. "बघा, किती माणसाळलंय!" म्हणत तो जास्तीची किंमत सांगतो. गिऱ्हाईक ज्याला लळा समजतं, ते बऱ्याचदा आजारपण असतं. चारपाच दिवसांत पक्षी मरतो आणि विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: तुमच्याकडे थंडी लागली, दाणा बदलला, जागा मानवली नाही.

हे उत्तर पटतं, कारण पक्षी दुखणं लपवतात. दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत लगेच भरतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो ठणठणीत दिसतो. आजार आधीचाच असतो, उघडा मात्र आपल्या घरी पडतो.

म्हणून हातावर घेण्याआधी पक्षी लांबून दहा मिनिटं बघा. स्वस्थ बसलेला असताना श्वासागणिक शेपटी खालीवर हलत असेल तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत. नाकपुड्यांवरची पिसं ओली किंवा चिकटलेली, शेपटीखालची घाणीने माखलेली असतील तर तो घेऊच नका. निरोगी विष्ठेत गडद हिरवा भाग, पांढरा भाग आणि थोडं स्वच्छ पाणी असे तीन भाग दिसतात. पिंजऱ्याचा कागद नुकताच बदललेला असेल तर नवी विष्ठा पडेपर्यंत थांबा.

"खातोय की!" यावर विसंबू नका. आजारी पक्षी दाणा सोलतो आणि गिळत नाही. वाटीवर फुंकर मारा, टरफलं उडाली की खाली खरा दाणा किती आहे ते कळतं. मग छातीचं मधलं हाड बोटाने चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी बरेच दिवस खंगतो आहे, आदल्या दिवशीच्या थंडीने असं होत नाही. पंखही उलगडून पाहा. उडण्याची पिसं कापलेला पक्षी उडत नाही, यात माणसाळण्याचा काही संबंध नाही.

वयातही फसवतात. कोवळ्या बजीच्या कपाळावरचे आडवे पट्टे चोचीपर्यंत येतात. साधारण तीनचार महिन्यांनी पहिली पिसं झडली की ते मागे सरतात. पिवळ्या ल्युटिनोत आणि पांढऱ्या अल्बिनोत हे पट्टे दिसत नाहीत, तिथे पायातली अखंड कडी बघावी. ती पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात चढते आणि तिच्यावर सहसा वर्ष असतं. उघडी कडी कधीही घालता येते, तिच्यावरून वय ठरवू नका.

सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे "स्वतः भरवा, लळा लागेल" म्हणून कॉकटिएल या तुरेवाल्या पोपटाचं, अजून स्वतः खाऊ न लागलेलं पिल्लू गळ्यात मारणं. भरवायचं मिश्रण 39 ते 41 अंश सेल्सिअस असावं लागतं. जास्त गरम झालं तर गळ्याखालची अन्नपिशवी भाजते, गार झालं तर अन्न तिथेच साठून आंबतं. शिवाय ते श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू गुदमरतं. स्वतःहून दाणा खाणारं पिल्लूच घ्या.

पैसे देताना पावतीवर कडीचा क्रमांक आणि "48 तासांत पशुवैद्यकाला आजार आढळल्यास परत" एवढं लिहून घ्या. त्याच दिवशी एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करा आणि रोज सकाळी दाण्याआधी तेच करा. बजी साधारण 30 ते 40 ग्रॅम भरतो, त्यात तीनचार ग्रॅमची घट म्हणजे लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. घरात दुसरे पक्षी असतील तर नव्याला किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. विष्ठा ओल्या कागदाने पुसा. सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा संसर्गजन्य आजार तिच्या धुळीतून माणसालाही होतो.

एवढं करूनही पक्षी गेला तर देह पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणी नीट होत नाही. लवकरात लवकर शवविच्छेदन करून घ्या. आजार जुना होता असा लेखी अहवाल हाती आला, की "तुमच्याकडे थंडी लागली" हे उत्तर टिकत नाही.