बिलाच्या शेवटच्या ओळीत काय छापावं: बॅलन्स की बाकी?

नवीन बिलबुक छापायला टाकताय किंवा उधारीचा मेसेज बदलायचा विचार चाललाय, तर शेवटच्या ओळीवर जरा थांबा. तासगाव रस्त्याला माझं खत-औषधांचं दुकान आहे. तिथं मी 'बॅलन्स'ही वापरून पाहिलाय आणि 'बाकी'ही.

बॅलन्स हा मूळचा तराजूचा शब्द. लॅटिनमध्ये बाय म्हणजे दोन आणि लान्क्स म्हणजे पारडं. दोन्ही पारडी सारखी करायला जेवढं टाकावं लागतं तो हिशेबातला बॅलन्स. पण कुठल्या पारड्यात टाकायचं ते शब्द सांगत नाही. म्हणून तिजोरीतली शिल्लकही बॅलन्स आणि गिऱ्हाइकाकडं अडकलेले पैसेही बॅलन्सच. हिशेबनीस पुढं डेबिट-क्रेडिट लावतो, त्याचं भागतं. बँक, सीए, कंपनीचा माणूस, मार्चअखेरचं बॅलन्स कन्फर्मेशन, इथं मराठीचा हट्ट धरू नये असं माझं मत. ओपनिंग बॅलन्सला 'आरंभीची शिल्लक' म्हटलं तर आमचे सीएच दोनदा विचारतील.

घोळ होतो तो काउंटरवर, आणि तो केला मोबाइलनं. रिचार्ज मारून मारून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बॅलन्स म्हणजे आपले पैसे, अजून खर्चायचे राहिलेले.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस होते. पाऊस लागून राहिलेला, डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं दुकानात उभं राहायला जागा नाही. कवठेमहांकाळकडचे एक मामा गर्दीतनं पुढं आले आणि फोन माझ्यापुढं धरला. 'आपला बॅलन्स रु. ४,२००.' आमचाच मेसेज.

"बेचाळीसशे हायत बघा माझं. त्यातनं औषध वळतं करा."

"मामा, ते तुमच्याकडनं येणं आहे."

"मग बॅलन्स कशाला लिवलंय?"

मागं सात-आठ माणसं. मी समजावत गेलो तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. उधारी चारचौघांत निघालेली कुणाला आवडते? बाटली तशीच ठेवून गेले आणि पंधरा दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत. बेचाळीसशे राहू देत, माणूस दुखावला. माझ्यापुरता बॅलन्स तिथंच संपला.

'बाकी'ला असा घोळ नाही, कारण शाळेत पहिल्यांदा वजाबाकी केली तेव्हापासून तो शब्द अंगात मुरलेला. शब्द अरबी, फारसीतनं आलेला. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेठेत मात्र बाकी ती बाकीच राहिली. पण तोही अगदी निर्दोष नाही. एक तर कानाला वसुलीचा वास येतो. नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्याच बिलावर 'बाकी' बघून मलाच जरा अवघडल्यासारखं होतं. दुसरं, येणे बाकी आणि देणे बाकी अशी त्याचीही दोन तोंडं आहेत. मी हौसेनं 'येणे बाकी' छापलं, तर एका पोरानं विचारलं, "म्हणजे मला येणे ना?" बरोबरच होतं त्याचं. वही माझी, पण कागद त्याच्या हातात.

हा उलटसुलट प्रकार जुनाच आहे. देशी नाम्यात, म्हणजे जुन्या वहीखात्यात, डावीकडं जमा आणि उजवीकडं नावे, म्हणजे डेबिट. इंग्रजी पद्धतीत डेबिट डावीकडं. आमच्या आजोबांच्या खतावणीत गिऱ्हाइकाच्या पानावर नुसतं 'नावे' असायचं आणि ते कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आता 'नावे' वाचून लोक फॉर्ममधलं नाव शोधतील.

'शिल्लक'चा विचार करूच नका. ती गल्ल्यातल्या रोकडीची नाहीतर मालाची. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळदीची पोती शिल्लक असायची, माणसाकडं पैसे शिल्लक नसतात, बाकी असतात.

शेवटी मी 'आपल्याकडून येणे' आणि आगाऊ दिलेल्यांसाठी 'आपली जमा' अशा दोन ओळी ठेवल्या. लांब आहेत, मान्य. इंग्रजी लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीत आला की ७० वर तुटतो आणि दुसरा धरला जातो. मेसेज हजारांनी जात असतील तर आखूड 'बाकी'च परवडेल. आणि तुमचं गिऱ्हाईक सगळं एमआयडीसीतलं, जीएसटी बिलवालं असेल, तर बॅलन्सनं काही बिघडणार नाही. त्यांना सवय आहे. शेतकरी गिऱ्हाईक असेल तर मात्र मी तरी तो शब्द पुन्हा छापणार नाही.

मामा नंतर आले. नवा मेसेज मी मुद्दाम त्यांना दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो दोनदा वाचला.

"आता कळलं. पर पैसं बेदाणा गेल्यावरच."

लिहून ठेवलंय.