बिननावाचं एअरब्रश किट, एका शिगम्यानंतर

शिगम्याला, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाला, आमच्या वाड्यावरची पोरं वेशभूषेत उतरतात आणि त्यांना रंगवायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात. स्पंजने एक अख्खा शंकर निळा करायला दीड तास जातो आणि तरी पट्टे दिसतातच, म्हणून यंदा एकदाचं एअरब्रशचं किट ऑनलाइन मागवलं. ब्रँडबिंड काही नाही, साडेआठ हजारात कंप्रेसर (हवा दाबणारं यंत्र), गन (त्या हवेने रंग फवारणारी), होज (दोघांना जोडणारी नळी), दोन ड्रॉपर आणि कुणालाच न कळणारा एक माहितीचा कागद.

पैसे वसूल झाले ते कंप्रेसरमध्ये. १/६ हॉर्सपॉवरची मोटर, खाली ३ लिटरची टाकी, आतला दाब ४ बारला पोचला की आपोआप बंद होतो, ३ ला उतरला की परत चालू. टाकीवालाच घ्या, कारण बिनटाकीच्यात हवा धकधक करत येते आणि ती धकधक रंगात उतरते. आवाजही बेताचा, आई शेजारच्या खोलीत सिरियल बघत होती तरी शिव्या पडल्या नाहीत. फक्त पहिल्या दिवशी मी गनला हातही लावला नव्हता तरी दर दोन मिनिटांनी हा आपला सुरू, मग साबणाचं पाणी लावून बघितलं तर कंप्रेसरकडच्या जोडातून बुडबुडे. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप तीन वेढे मारली, विषय संपला. गनच्या बाजूला मात्र टेप नको, तिथे ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) असते.

आता खरी कटकट, आपली गोव्याची हवा. कंप्रेसर दमट हवा दाबतो, ती तापते, पुढे टाकीत आणि होजमध्ये थंड होते आणि तिचं पाणी होतं. किटसोबत फिल्टर येतो, पण तो बसतो कंप्रेसरच्या तोंडाशीच, तिथे हवा अजून गरम, त्यामुळे वाफ सरळ पुढे निघून जाते. पहिल्याच पोराच्या छातीवर निळा छान बसत होता आणि मधेच फट्कन पाण्याचा थेंब, त्याचे कोळ्यासारखे पाय पसरले आणि खालची कातडी दिसायला लागली. वर ते पोर कुडकुडत, मामा म्हाका थंड लागता! मग गनच्या खाली लागणारा छोटा फिल्टर वेगळा मागवला, होज जमिनीपर्यंत लोंबती ठेवली म्हणजे पाणी खालच्या वळणात साठतं, आणि काम झालं की टाकीखालचा स्क्रू सोडून पाणी काढायचं. एकदा ते आठवडाभर राहिलं तर निघालं ते चहाच्या रंगाचं, म्हणजे आत गंज धरायला लागला होता.

गन डबल अॅक्शन, कप वरती, नोझल, म्हणजे रंग सुटतो ते टोक, ०.३ मिमी. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग, आणि थांबताना आधी पुढे ढकलून रंग बंद करायचा आणि मग हवा सोडायची, हे उलट केलंत तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच पिचकारी. बारीक रेघेला ठीक, पण अख्खी पाठ भरायला ०.३ म्हणजे चमच्याने विहीर उपसणं, त्याला ०.५ हवं. आणि नोझल तांदळाच्या दाण्याएवढं, पान्याने आवळायचं, मी जरा जोर लावला आणि आटे तुटून अर्धं आतच राहिलं. इवाता या जपानी कंपनीच्या एक्लिप्स गनमध्ये नोझल नुसतं बसवायचं असतं, आवळायची भानगड नाही, पण ती गन एकटीच या सगळ्या किटपेक्षा महाग.

कपात बुडबुडे आले तर नोझल नीट बसलेलं नाही. फवारा एका बाजूला जातोय तर गनच्या आतली सुई वाकलीय, तिचं टोक नखावरून हळूच ओढा, अडकलं की समजा.

रंग अंगाचाच, कॉस्मेटिकवाला, क्राफ्टचा अॅक्रेलिक चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी आधी पाण्याचा वापरला, १५ ते २० पीएसआय दाबाला (म्हणजे १ बारच्या थोडं वर) सुंदर बसतो, पण रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या नाचत्या मिरवणुकीत, ढोल वाजायला लागल्यावर घामाने शंकर तासाभरात चितकबरा. अल्कोहोलवाला टिकतो, पण तो सुईच्या टोकावर लगेच सुकतो, सारखं टोक पुसावं लागतं, शिवाय डोळ्यांजवळ अजिबात नाही आणि खोलीत दिवाबिवा पेटवायचा नाही.

साफसफाईला कंटाळा केलात तर किट मेलं. रंग बदलताना पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल (केमिस्टकडे मिळतं), मग गनच्या तोंडावर टिश्यू दाबून उलटी हवा, म्हणजे कपात बुडबुडे येऊन आतलं सगळं वर येतं. रात्री सुई काढून मागून टोकाकडे फिरवत पुसायची. अख्खी गन कशात बुडवून ठेवायची नाही, आणि थिनर तर नकोच, रबरी ओ-रिंगा फुगतात. हे मला कळलं तोपर्यंत एक फुगलेली होती.

पाचपैकी कंप्रेसरला चार, गनला दोन. नुसता कंप्रेसर वेगळा मिळत असेल तर तो घ्या आणि गन चांगली बघा. मी अजून हीच वापरतोय, फक्त आता डब्यात तीन नोझल जास्तीची असतात आणि पाना भाच्याच्या हातात देत नाही.